परमुलखातील शुश्रूषा : पहिल्या महायुद्धातील ऑस्ट्रेलियन लष्करी परिचारिका

पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियातून दोन हजारांहून अधिक प्रशिक्षित परिचारिका लष्कराच्या सेवेत समुद्रापार गेल्या. इजिप्त, एजियन समुद्रातील लेमनॉस बेट, फ्रान्स, बेल्जियम, ग्रीसमधील सॅलोनिका आणि हिंदुस्थान अशा दूरदूरच्या मुलखांत त्यांनी काम केले, आणि त्यांतील पाचशेहून अधिक जणींची सेवा मुंबई, पुणे, देवळाली यांसह हिंदुस्थानातील लष्करी इस्पितळांत झाली. या स्त्रिया कामगिरीवर असलेल्या सैन्याचा भाग होत्या, सैन्याच्या शिस्तीने बांधलेल्या होत्या आणि प्रसंगी बॉम्बहल्ल्याखालीही उभ्या राहिल्या. तरीही त्या नेमक्या सैनिक आहेत की सैन्याला मदत करणाऱ्या नागरिक आहेत, याचे स्पष्ट उत्तर देण्याची तयारी लष्करी व्यवस्थेने दीर्घकाळ दाखवली नाही. संकट आले की त्यांना पुढे बोलावायचे आणि अधिकाराचा प्रश्न निघाला की मागे ठेवायचे, हा व्यवहार त्या युद्धात पुन्हा पुन्हा दिसतो.

या सेवेचा पाया युद्धाच्या बारा वर्षे आधी घातला गेला होता. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियातील वसाहतींचे संघराज्य झाले आणि पुढील वर्षी निरनिराळ्या वसाहतींच्या परिचारिका दलांना एकत्र आणून 'ऑस्ट्रेलियन आर्मी नर्सिंग सर्व्हिस' ही राखीव स्वरूपाची संघटना स्थापन झाली. राखीव याचा अर्थ असा की, या परिचारिका शांततेच्या काळात आपापल्या नागरी रुग्णालयांत नोकरी करीत आणि युद्ध सुरू झाल्यावर त्यांना बोलावले जाई. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात सुमारे साठ ऑस्ट्रेलियन परिचारिकांनी काम केले होते, तेवढाच अनुभव संघटनेच्या गाठीशी होता. भरतीसाठी मान्यताप्राप्त रुग्णालयातील तीन वर्षांचे प्रशिक्षण आवश्यक असे, आणि उमेदवार अविवाहित किंवा विधवा असावी लागे. सेवेत असताना विवाह केल्यास राजीनामा द्यावा लागे. करडा पोशाख, खांद्यावर लाल रंगाची आखूड केप आणि डोक्यावर पांढरा रुमाल हा त्यांचा गणवेश होता, आणि स्टाफ नर्स, सिस्टर व मेट्रन अशा त्यांच्या चढत्या पायऱ्या होत्या. मेट्रन म्हणजे रुग्णालयातील सर्व परिचारिकांची प्रमुख.

या स्त्रियांच्या कामाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळचे वैद्यकशास्त्र कोणत्या टप्प्यावर होते हे ध्यानात घ्यावे लागते. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लागला आणि ते रुग्णांपर्यंत पोहोचायला १९४० चे दशक उजाडले. त्यामुळे पहिल्या महायुद्धात जखमेत एकदा जंतू शिरले की त्यांना मारणारे कोणतेही औषध पोटात देता येत नव्हते. फ्रान्स आणि बेल्जियममधील शेतजमीन पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घालून कसलेली होती, आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांबरोबर ती माती व चिखलाने भरलेल्या कपड्यांच्या चिंध्या मांसात खोलवर रुतून बसत. तेथून उद्भवणाऱ्या गॅस गँग्रीन या विकारात जंतूंनी निर्माण केलेल्या वायूने स्नायू फुगत, सडत आणि थोड्याच काळात हात किंवा पाय कापून टाकण्याची, अनेकदा प्राण जाण्याची वेळ येई. धनुर्वातावर प्रतिबंधक सीरम उपलब्ध होते, पण गॅस गँग्रीनवरचा उपाय म्हणजे जखम मोठी उघडणे, मृत मांस काढून टाकणे आणि ती सतत धूत राहणे हाच होता.

हे सतत धूत राहणे शल्यविशारदाच्या हातून होणारे नव्हते. फ्रेंच शल्यचिकित्सक अलेक्सी कारेल आणि इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन यांनी युद्धाच्या सुरुवातीच्या काळात जी पद्धत विकसित केली, तीत उघड्या जखमेत रबराच्या बारीक नळ्या बसवून सोडियम हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण दर दोन तासांनी, रात्रंदिवस, सोडावे लागे. द्रावण जास्त तीव्र झाले तर निरोगी मांस भाजे, सौम्य झाले तर उपयोग होत नसे, नळी सरकली तर कोपऱ्यात पू साचे. अशा स्थितीत एका वॉर्डातील पन्नास-साठ रुग्णांवर ही पद्धत चालवणे म्हणजे परिचारिकेच्या नजरेवर आणि हातावर सारा उपचार सोपवणे होते. आमांश, विषमज्वर आणि न्यूमोनिया या आजारांत तर शस्त्रक्रियेचाही आधार नसे. चमच्याने पाणी पाजणे, अंग पुसून ताप उतरवणे, मळलेले अंथरूण दिवसातून अनेकदा बदलणे, शय्याव्रण म्हणजे सतत पडून राहिल्याने पाठीला होणाऱ्या जखमा टाळण्यासाठी कूस बदलून देणे, ही कामे साधी दिसतात, परंतु रुग्ण जगणार की नाही हे बहुतेक वेळा त्यांवरच ठरत असे. या युद्धात शुश्रूषा हाच पुष्कळदा संपूर्ण उपचार होता, आणि त्या काळच्या लष्करी अहवालांत तिला मिळालेली जागा तिच्या वाट्याच्या कामाशी मुळीच जुळत नाही.

युद्धाच्या आरंभी ऑस्ट्रेलियन वैद्यकीय पथके इजिप्तमध्ये उतरली. पहिल्या ऑस्ट्रेलियन जनरल हॉस्पिटलला कैरोजवळील हेलिओपोलिस येथील आलिशान पॅलेस हॉटेलची इमारत मिळाली. जनरल हॉस्पिटल म्हणजे आघाडीपासून दूर, मोठ्या क्षमतेचे आणि सर्व शाखांनी युक्त असे लष्करी रुग्णालय. एप्रिल १९१५ च्या अखेरीस तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या आघाडीहून जखमींचा लोंढा सुरू झाला तेव्हा हॉटेल अपुरे पडले आणि शेजारच्या लुना पार्क या करमणूक केंद्रातील स्केटिंगच्या दालनात खाटांच्या रांगा मांडाव्या लागल्या. याच रुग्णालयात परिचारिकांवर अधिकार कोणाचा, हा वाद विकोपाला गेला. तेथील मेट्रन जेन बेल यांची भूमिका अशी होती की, परिचारिकांच्या नेमणुका आणि कामाची वाटणी मेट्रनच्या अखत्यारीत असावी. रुग्णालयाच्या पुरुष अधिकाऱ्यांना ते मान्य नव्हते. चौकशी झाली आणि बेल यांना १९१५ मध्येच ऑस्ट्रेलियाला परतावे लागले. वादातील मुद्दा व्यक्तींपेक्षा मोठा होता. परिचारिकेला लष्करी हुद्दा नसल्यामुळे वॉर्डातील पुरुष सेवकाने, म्हणजे ऑर्डर्लीने, तिचा हुकूम मानलाच पाहिजे असे कोणत्याही नियमात स्पष्ट नव्हते, आणि रुग्णाच्या जिवाची जबाबदारी मात्र तिच्यावर होती.

गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर २५ एप्रिल १९१५ रोजी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या फौजा उतरल्या तेव्हा समोरच्या समुद्रात उभ्या असलेल्या 'गॅस्कन' या रुग्णालय-जहाजावर मोजक्या ऑस्ट्रेलियन परिचारिका होत्या. पहिल्याच दिवशी त्या जहाजावर पाचशेहून अधिक जखमी चढवण्यात आले. जखमींची वाट अशी होती : किनाऱ्यावरील प्रथमोपचार, तेथून लहान पडावांतून जहाज, जहाजातून लेमनॉस बेट किंवा दोन-तीन दिवसांच्या प्रवासानंतर अलेक्झांड्रिया, आणि तेथेही जागा नसेल तर माल्टा. सेनापतींनी जखमींचा जो अंदाज बांधला होता तो पहिल्या दिवशीच साफ चुकला, आणि त्या चुकीचा भार प्रथम जहाजांवर व नंतर लेमनॉसवर पडला.

लेमनॉस हे ग्रीक बेट गॅलिपोलीपासून साधारण शंभर किलोमीटरवर आहे. त्याचे मुद्रोस हे बंदर दोस्त राष्ट्रांच्या नौदलाने तळासाठी निवडले होते, पण बेटावर झाडी विरळ, गोडे पाणी तुटपुंजे आणि वारा अखंड. ऑगस्ट १९१५ मध्ये गॅलिपोलीत नवी चढाई करण्याचे ठरल्यामुळे तिसऱ्या ऑस्ट्रेलियन जनरल हॉस्पिटलला घाईने येथे पाठवण्यात आले. ब्रिस्बेनच्या मेट्रन ग्रेस विल्सन यांच्या नेतृत्वाखाली परिचारिकांची पहिली तुकडी ८ ऑगस्टला बेटावर उतरली. बॅगपाइप वाजवणाऱ्या एका सैनिकाच्या मागून रांगेने चालत त्या छावणीच्या जागी पोहोचल्या, तेव्हा तेथे रुग्णालय असे काहीच उभे नव्हते, कारण तंबू, खाटा आणि शस्त्रक्रियेचे साहित्य घेऊन येणारे जहाज मागे राहिले होते. चढाई मात्र ठरल्या वेळी सुरू झाली होती. त्यामुळे पुढच्या एक-दोन दिवसांत शेकडो जखमी आले तेव्हा त्यांना उघड्या जमिनीवर झोपवण्यात आले, आणि परिचारिकांनी स्वतःचे परकर फाडून पट्ट्या केल्या. गॅलिपोलीत लढताना आपला भाऊ मारला गेल्याची बातमी विल्सन यांना याच सुमारास मिळाली होती, आणि काम थांबवण्याची मुभा त्यांना त्या वेळी नव्हती.

साहित्य आल्यावरही हाल संपले नाहीत. उन्हाळ्यात माश्या आणि आमांश, शरद ऋतूत तंबू उपटून नेणारे वादळी वारे, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस गॅलिपोलीवर झालेल्या हिमवादळानंतर हातपाय गोठलेल्या सैनिकांच्या रांगा, असे एकामागून एक संकट येत राहिले. परिचारिकांपैकीही अनेक जणी आमांशाने आजारी पडल्या. त्याच बेटावर काम करणाऱ्या कॅनडाच्या परिचारिका पथकातील मेट्रन जेसी जगार्ड आणि नर्सिंग सिस्टर मेरी मन्रो या दोघी सप्टेंबर १९१५ मध्ये आजाराने मरण पावल्या. अशाही स्थितीत विल्सन यांनी उभी केलेली व्यवस्था टिकली. तुटपुंज्या पाण्यावर आणि डबाबंद मांसावर दिवस काढत या परिचारिकांनी लेमनॉसचे रुग्णालय चालते ठेवले, आणि गॅलिपोलीतून फौजा मागे घेतल्यावर जानेवारी १९१६ मध्ये ते इजिप्तला हलवण्यात आले. विल्सन यांना त्याच वर्षी 'रॉयल रेड क्रॉस' हा सन्मान मिळाला. राणी व्हिक्टोरियाने १८८३ मध्ये खास लष्करी शुश्रूषेसाठी तो सुरू केला होता.

समुद्रप्रवास स्वतःच एक आघाडी होती. १९०७ च्या हेग करारानुसार पांढरा रंग दिलेल्या, लाल क्रॉसचे चिन्ह असलेल्या आणि केवळ रुग्णांची ने-आण करणाऱ्या जहाजावर हल्ला करणे निषिद्ध होते, पण हे संरक्षण परिचारिकेला नव्हते, जहाजाला होते. ती सैनिक आणि दारूगोळा वाहणाऱ्या जहाजातून निघाली की कोणत्याही सैनिकाइतकीच लक्ष्य ठरत असे. न्यूझीलंडच्या एका रुग्णालय पथकाला ऑक्टोबर १९१५ मध्ये दारूगोळा पथकासह 'मार्केट' या सैन्यवाहू जहाजावर चढवण्यात आले. २३ ऑक्टोबरला सॅलोनिकाजवळ पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते बुडाले आणि न्यूझीलंडच्या दहा परिचारिका मृत्युमुखी पडल्या. संरक्षित जहाज वापरले असते तर हे टळले असते, हा आरोप त्या काळी झाला आणि तो खोडून काढणे अवघड आहे. पुढे २७ जून १९१८ रोजी 'लँडोव्हरी कॅसल' हे खरे रुग्णालय-जहाजही जर्मन पाणबुडीने बुडवले व त्यात कॅनडाच्या चौदा परिचारिका गेल्या, तेव्हा चिन्हाचे संरक्षणही किती तोकडे आहे हे दिसून आले.

फ्रान्सच्या आघाडीवर परिचारिका कोठपर्यंत जाऊ शकतात याची मर्यादा 'कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन' या टप्प्यावर घातलेली होती. खंदकाजवळच्या प्रथमोपचार केंद्रातून आलेल्या जखमींची येथे छाननी होई, तातडीच्या शस्त्रक्रिया होत आणि प्रवास सोसू शकणाऱ्यांना रेल्वेने मागच्या रुग्णालयांकडे धाडले जाई. नियमाने हे सुरक्षित ठिकाण होते. प्रत्यक्षात ते तोफांच्या आणि विमानांच्या टप्प्यात असे, कारण जखमीला शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचायला जितका उशीर होई तितका गँग्रीनचा धोका वाढत जाई आणि म्हणून ही केंद्रे पुढे सरकवावी लागत. २२ जुलै १९१७ च्या रात्री त्रुआ आर्ब्र येथील दुसऱ्या ऑस्ट्रेलियन क्लिअरिंग स्टेशनवर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. त्या वेळी तंबूंतील रुग्णांना सोडून न जाता त्यांना वाचवण्यासाठी धावलेल्या डोरोथी कॉवुड, क्लेअर डीकन, मेरी जेन डेरर आणि अ‍ॅलिस रॉस-किंग या चौघींना 'मिलिटरी मेडल' देण्यात आले. हे पदक शौर्यासाठी होते आणि सामान्यतः अधिकारी नसलेल्या सैनिकांना दिले जाई. अधिकाऱ्यांसाठी असलेला 'मिलिटरी क्रॉस' परिचारिकांना मिळत नसे. म्हणजे शौर्य मान्य करतानाही दर्जाची रेघ ओढलेलीच राहिली.

मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधील, मोहिमेने या परिचारिकांना महाराष्ट्रात आणले. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानी फौजा शत-अल-अरबच्या मुखाशी उतरल्या आणि वर्षभर तिग्रिस नदीच्या काठाने पुढे सरकत बगदादच्या दिशेने गेल्या. या चढाईत प्रमुख भाग असलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच 'पूना डिव्हिजन' होते, आणि तिच्यात १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. टेसिफॉनच्या लढाईनंतर ही डिव्हिजन माघार घेऊन कुत-अल-अमारा येथे वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरणागती पत्करावी लागली. वेढा उठवण्याच्या प्रयत्नांत हजारो सैनिक जखमी झाले. नदीतून जखमींना आणण्यासाठी पुरेशा बोटी, डॉक्टर आणि परिचारिका यांची तरतूद सरकारने केलेली नव्हती. 'वरेला' या रुग्णालय-जहाजावरील डॉक्टर मेजर कार्टर यांनी बसऱ्याला पोहोचलेल्या पडावांवरील जखमींची घाणीत लडबडलेली अवस्था पाहून लेखी तक्रार केली, तेव्हा वरिष्ठांनी प्रथम त्यांनाच धमकावले. पुढे चौकशी आयोगाने १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या बेपर्वाईवर ठपका ठेवला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

बसऱ्याहून निघालेल्या जखमींचे आणि आजाऱ्यांचे मुख्य उतारस्थान मुंबई होते. म्यूझियमसाठी बांधलेल्या आणि आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतीतही संग्रहालय उघडण्याआधी लष्करी रुग्णालय चालवण्यात आले, यावरून शहरावर आलेल्या ताणाची कल्पना येते. परिचारिका अपुऱ्या पडल्यामुळे हिंदुस्थान सरकारच्या मागणीवरून १९१६ पासून ऑस्ट्रेलियन परिचारिका पाठवण्यात आल्या. त्यांनी मुंबईतील व्हिक्टोरिया वॉर हॉस्पिटल, पुण्याचे डेक्कन वॉर हॉस्पिटल, देवळालीचे चौतिसावे वेल्श जनरल हॉस्पिटल आणि वायव्य सरहद्दीकडील इस्पितळे अशा ठिकाणी, तसेच मुंबई-बसरा मार्गावरील जहाजांवर काम केले. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात जहाज डोलत असताना ड्रेसिंग करायचे आणि इराणच्या आखातात शिरल्यावर उष्माघाताच्या रुग्णांचे अंग बर्फाने गार ठेवायचे, असे ते काम होते.

त्यांच्या रुग्णांत ब्रिटिश सैनिक होते, हिंदी शिपाई होते आणि काही ठिकाणी तुर्की युद्धकैदीही होते. याला वेगळे महत्त्व आहे. इंग्लंडमध्ये ब्रायटन येथील हिंदी सैनिकांच्या रुग्णालयांत गोऱ्या परिचारिकांनी हिंदी शिपायांची प्रत्यक्ष शुश्रूषा करू नये, असा आग्रह लष्करी अधिकाऱ्यांनी धरला होता आणि १९१५ मध्ये त्यांना तेथून काढूनही घेतले होते. साम्राज्याची प्रतिष्ठा हे त्यामागचे कारण होते. रुग्णाच्या हिताचा विचार त्यात नव्हता. मेसोपोटेमियाचे जखमी मुंबईत येऊ लागल्यावर मात्र हा आग्रह टिकवणे परवडणारे राहिले नाही. ज्या नियमाचा आधार वंशभेद होता तो माणसे कमी पडताच वाकवता आला, यावरून त्याची किंमत कळते.

मुंबईत आलेल्या ऑस्ट्रेलियन परिचारिकांपैकी दोघी ऑगस्ट १९१६ मध्ये पटकीने मरण पावल्या. अशा मृतांची स्मृती पुण्याजवळील खडकी येथील युद्धस्मशानभूमीतील स्मारकावर जपली आहे. हिंदुस्थानातील निरनिराळ्या स्मशानभूमींत पुरलेल्या, पण जेथील थडग्यांची कायमची निगा राखणे शक्य नव्हते अशा अठराशेहून अधिक जणांची नावे तेथे कोरलेली आहेत, आणि या दोघींची नावे त्यांत आहेत. पुण्यातील वाचकाला पहिल्या महायुद्धातील परिचारिकांचा हा इतिहास शोधायला युरोपात जाण्याची गरज नाही.

सॅलोनिकाच्या आघाडीची गोष्ट थोडक्यात सांगता येईल, कारण तेथे शत्रूपेक्षा डासच भारी ठरले. १९१७ मध्ये तीनशेहून अधिक ऑस्ट्रेलियन परिचारिका तेथील ब्रिटिश रुग्णालयांत पाठवण्यात आल्या. हिवतापाच्या रुग्णांची संख्या जखमींच्या कित्येक पट होती, आणि परिचारिका स्वतः जाळीचे बुरखे व हातमोजे घालून रात्रपाळी करीत. तरीही त्यांतील अनेक जणींना हिवतापाने गाठले आणि काहींना प्रकृती खालावल्यामुळे मायदेशी परतावे लागले.

युद्धकाळात ऑस्ट्रेलियन लष्करी सेवेतील पंचवीस परिचारिका मरण पावल्या आणि जवळजवळ चारशे जणींना सन्मान मिळाले. दर्जाच्या प्रश्नावर १९१६ मध्ये तडजोड झाली : त्यांना अधिकाऱ्याचा मानद हुद्दा देण्यात आला, म्हणजे चिन्हे लावता येऊ लागली, पण पुरुष अधिकाऱ्याइतका पगार मिळाला नाही. कॅनडाने आपल्या परिचारिकांना युद्धाच्या आरंभापासून लेफ्टनंटचा हुद्दा दिलेला होता आणि त्यामुळे तेथील सैन्याची शिस्त बिघडल्याचे कोणी दाखवून दिलेले नाही. तेव्हा ऑस्ट्रेलियाने व ब्रिटनने केलेल्या विलंबाला व्यावहारिक अडचण हे कारण देता येत नाही. ज्या स्त्रीच्या निर्णयावर एका रात्रीत साठ माणसांचे प्राण अवलंबून ठेवले, तिला एका ऑर्डर्लीला हुकूम देण्याचा निर्विवाद अधिकार न देणे, हे अन्यायाचे होते, आणि रुग्णांच्या दृष्टीने धोक्याचेही होते.

हिंदुस्थानात लष्करी शुश्रूषेची सुरुवात १८८८ मध्ये झाली होती, जेव्हा दहा ब्रिटिश परिचारिका मुंबईत उतरल्या. १९२६ मध्ये 'इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस' स्थापन झाली आणि दुसऱ्या महायुद्धात तिच्या परिचारिका परदेशांतील आघाड्यांवरही गेल्या. या सेवेतील परिचारिकांना अधिकाऱ्यांचा दर्जा देणारा वटहुकूम १९४३ मध्ये निघाला, आणि ऑस्ट्रेलियातील परिचारिकांना पूर्ण लष्करी हुद्दाही त्याच वर्षी मिळाला. लेमनॉसवर उघड्या माळावर रुग्णालय उभारणाऱ्या ग्रेस विल्सन दुसऱ्या महायुद्धातही मेट्रन म्हणून मध्यपूर्वेत गेल्या होत्या, परंतु १९४१ मध्ये आजारपणामुळे त्यांना लष्करी सेवा सोडावी लागली. पूर्ण हुद्द्याचा निर्णय झाला तेव्हा त्या सेवेत नव्हत्या.